साताऱ्यात गाडीच्या दारात नवे स्पीकर बसवून घेतोय. दार किंवा वायरिंग खराब होऊ नये म्हणून काय बघू?

स्पीकर घेण्याआधी दारातली जागा किती खोल आहे ते मोजा. साडेसहा इंची स्पीकर समोरून सगळे सारखेच दिसतात, पण मागचा मॅग्नेट प्रत्येकाचा कमीजास्त. काच खाली घेतल्यावर ती त्याला घासली की खेळ खलास. म्हणून दाराचं पॅड (आतलं आवरण) उघडं असतानाच काच दोनदा पूर्ण वर-खाली करून बघा. जागा कमी पडली तर स्पीकर थोडा बाहेर घेणारी स्पेसर रिंग लावायची, पत्रा कापू द्यायचा नाही.

वायर तोडून पिळून टेप गुंडाळणाऱ्याला तिथंच थांबवा. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर, म्हणजे वायर न तोडता जोडायचा प्लग, मिळतो. स्वतः करणार असाल तर पॅड स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा. लपलेले स्क्रू आधी शोधा, हँडलमागे एखादा असतोच.

आता खरा मुद्दा. पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेवरून दारात उतरलेलं पाणी तो आतल्या बाजूला येऊ देत नाही, मग ते खालच्या भोकांतून निघून जातं. कारागीर तो 'कचरा' म्हणून फाडतात. माझाही फाडला होता. जुलैत कास-ठोसेघरच्या दोन फेऱ्या झाल्या आणि पायाखालची मॅट ओलीचिंब! आधी वाटलं सनरूफ गळतंय. तो कागद ब्यूटाइल टेपने (रबरासारखी चिकट पट्टी) नीट परत चिकटवून घ्या. ती खालची भोकंही डॅम्पिंग शीटने (दाराची थरथर कमी करायला चिकटवतात ती) बुजवू देऊ नका, दार आतून गंजेल.