‘वापर रे’ म्हणालो होतो, पण विकायला नाही

“मॅडम, दोस्तानं माझं काम उचललंय. बोललो तर दोस्ती जाते, गप्प बसलो तर झोप जाते. काय करू?”

चित्र असो, आवाज असो, फाँट असो की कोड, प्रश्न याच शब्दांत येतो. गोव्यात फोंड्याला माझ्याकडे सल्ल्याला येणारी तरुण मुलं पूर्वी अभ्यास, नोकरी, लग्न यांपैकी काहीतरी घेऊन यायची. हल्ली घरी बसून गेम बनवणारी पोरंही येतात. आईवडिलांना वाटतं पोरगा दिवसभर खेळतोय, आणि पोरगा रात्री तीनला टाइलसेट, म्हणजे खेळातली जमीन-भिंती रचायचे चित्रांचे तुकडे, रंगवत असतो. या मंडळींत उसनवारीवरून इतकी भांडणं होतात की एक प्रकरण नीट सांगितलं तर बऱ्याच जणांना ते आपलंच वाटेल. ज्या दोघांची ही गोष्ट आहे त्यांनी लिहायला हरकत घेतली नाही. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गौरीश चित्रं काढतो, सर्वेश कोड लिहितो. दोघे कॉलेजपासूनचे मित्र. एका गेम जॅममध्ये, म्हणजे ४८ तासांत खेळ बनवायच्या उपक्रमात, त्यांनी मिळून छोटासा खेळ केला होता. नरकचतुर्दशीच्या आदली रात्र, वाड्यावरच्या पोरांनी उभारलेला नरकासुर, आणि पलीकडच्या वाड्यावरची पोरं तो वेळेआधीच पेटवायला टपलेली. पहाटेपर्यंत तो राखायचा. दिवाळीची सुरुवात नरकासुर जाळून होते, हे गोव्यात कुणाला समजवावं लागत नाही. बाहेरच्यांना मात्र ट्रेलरमध्ये सांगावं लागतं, असं सर्वेश नंतर म्हणाला. रंगसंगती गौरीशने कावीवरून घेतली होती, आपल्या देवळांच्या पांढऱ्या चुन्याच्या भिंतींवर असते ती तांबडी नक्षी. आणि मागे वाजत होतं त्याच्या मामांचं घुमट, गोव्याचं मातीचं तालवाद्य. मामा गावच्या सुवारीत, म्हणजे घुमटवादनाच्या पथकात, वाजवतात. देवळाच्या मंडपात फोनवर रेकॉर्ड केलेलं ते अडीच मिनिटांचं वादन होतं.

जॅम संपला, खेळ फुकट डाउनलोडला पडून राहिला. काही महिन्यांनी सर्वेशने व्हॉट्सॲपवर विचारलं, “ती चित्रं आणि आवाज घेऊन मी थोडं पुढे करून बघू?” गौरीशचं उत्तर अजून फोनमध्ये आहे: “वापर रे, म्हजें कितें वता? मामाचं नाव तेवढं घाल.” म्हणजे, माझं काय जातं?

पुढे वर्षभर दोघांची गाठ क्वचितच पडली. मग एका संध्याकाळी गौरीशसमोर स्टीम या खेळ विकायच्या संकेतस्थळावरचं पान आलं. खेळाचं नाव वेगळं, लवकरच विक्रीला येणार असं लिहिलेलं, खाली फक्त सर्वेशचं नाव. त्याने ट्रेलर लावला. नरकासुराला नवी शिंगं होती, मिशा वाढवल्या होत्या, तांबड्याचा जांभळा झाला होता. गौरीशने एक फ्रेम थांबवून मोठी केली. खालच्या ओठाच्या डाव्या टोकाला एकच हिरवा पिक्सेल. जॅमच्या दुसऱ्या रात्री अर्धवट झोपेत त्याच्याच हातून पडलेला आणि मग “राहू दे” म्हणून सोडून दिलेला. सगळा राक्षस बदलला होता, तो ठिपका तिथेच होता. माझ्यासमोर बसून त्याने मला लॅपटॉपवर दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. आवाज चढलेला नव्हता, पण पाय सारखा हलत होता.

त्याच लॅपटॉपवर आणखी दोन गोष्टी उघड्या होत्या: सर्वेशचं नाव घेऊन त्याला चोर म्हणणारी लांबलचक पोस्ट, आणि स्टीमचा कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म. यातलं आधी काय पाठवू, हे विचारायला तो आला होता.

मी विचारलं, “तुला हवंय काय?”

“त्याला कळायला नको?”

हे उत्तर मला अगदी तोंडपाठ झालं आहे. सासूला कळायला नको, भावाला कळायला नको, बॉसला कळायला नको. त्यात दुःख खरं असतं, पण मागणी नसते. समोरच्याने पुरी करायची म्हटली तरी काय पुरं करायचं ते त्याला समजत नाही. मग तो माफी मागतो आणि ती अपुरी वाटते, पैसे देऊ करतो आणि तो अपमान वाटतो. म्हणून मी गौरीशला घरी जाऊन एक कागद भरून आणायला सांगितलं: उद्या सकाळी काय मिळालं तर हा विषय तू बंद करशील? भावना लिहायच्या नाहीत, फक्त मिळायच्या गोष्टी.

कागद आला तेव्हा त्यावर ‘माफी’ लिहून खोडलेलं होतं, एक रक्कम लिहून खोडून दुसरी लिहिलेली होती. पण सगळ्यात वर, ठळक, अधोरेखित एकच ओळ होती: मामाचं नाव.

मग ते बाहेर आलं. चतुर्थीला घरी जमले असताना कुणीतरी मामांना तो ट्रेलर दाखवला. मामांनी आपला हात बरोबर ओळखला. शेवटपर्यंत बघितलं आणि भाच्याला विचारलं, “म्हजें नांव खंय आसा?” माझं नाव कुठे आहे? मामांनी रेकॉर्डिंगला परवानगी दिली ती भाच्याकडे बघून, आणि बदल्यात फक्त आपलं आणि आपल्या पथकाचं नाव मागितलं होतं. शब्द गौरीशने दिला होता, मोडला दुसऱ्याने, आणि मामांसमोर मान खाली गेली गौरीशची. चित्रांचं त्याला वाईट वाटत होतंच, पण झोप उडाली होती ती यामुळे. चोर म्हणणाऱ्या त्या पोस्टमध्ये मामांचा उल्लेखसुद्धा नव्हता.

मी वकील नाही. करार पक्का करायच्या आधी दोघांना मी एका वकीलबाईंकडे पाठवलं होतं. पण काही गोष्टी ठाऊक असल्या तर मनातला अर्धा धूर निवतो, म्हणून लिहिते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढणारा त्याचा पहिला मालक असतो. तो कुणाचा पगारी नोकर असेल आणि नोकरीचा भाग म्हणून ते काढलं असेल, तर गोष्ट निराळी. इथे कुणी कुणाचा नोकर नव्हता. नोंदणी केली नाही म्हणून हक्क जात नाही. आणि “तीस टक्के बदललं की आपलं होतं” असं पोरं एकमेकांना छातीठोकपणे सांगतात, तसला कुठलाही टक्का कायद्यात नाही. शिंगं वाढवलेला नरकासुर हा मूळ नरकासुराचंच रूपांतर.

घुमटाचा ताल परंपरेचा आहे, तो कुणा एकाचा नाही. पण मामांनी वाजवलेलं ते अडीच मिनिटांचं वादन मामांचं आहे. वाजवणाऱ्या कलाकाराला कायदा स्वतंत्र हक्क देतो, आणि २०१२च्या दुरुस्तीपासून त्यात आपलं नाव लावून घेण्याचा हक्कही आला. लोककला म्हणजे सार्वजनिक मालमत्ता, उचला आणि वापरा, असा समज शिकलेल्या मुलांतही घट्ट आहे. मला त्याची चीड येते.

गावातल्या गावात आपण उसनं देतोच. जत्रेच्या नाटकाचा पडदा शेजारच्या गावाला दिला तर दुसऱ्या दिवशी तो परत येतो, फाटला असेल तर दिसतो. फाइल परत येत नाही. दिलेली फाइल दोघांकडेही तशीच राहते, आणि देणाऱ्याने दिली ती फुकटच्या खेळासाठी की विकायच्या, हे तिच्यावर कुठे लिहिलेलं नसतं. अनोळखी लोकांसाठी ही सोय क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांनी केव्हाच केली आहे. सीसी झिरो असेल तर काहीही करा, सीसी बाय असेल तर नाव द्या, त्याला एनसी जोडलं असेल तर पैसे कमवायला वापरू नका. हीच पोरं परक्याची टाइल उतरवताना हे तिन्ही शब्द बारकाईने वाचतात. मित्राला द्यायची वेळ आली की “वापर रे”. मित्राकडून लिहून घेणं त्यांना अविश्वासाचं वाटतं.

पोस्टबद्दल मी स्पष्ट बोलले. एकदा ‘चोर’ हा शब्द चारचौघांत गेला की समोरच्याला नाव द्यायला, पैसे द्यायला जागाच उरत नाही. तो फक्त आपली अब्रू सांभाळत बसतो. शिवाय ती लढाई बदनामीच्या खटल्याकडे वळू शकते, ते वेगळंच. फॉर्मबद्दल मात्र मी नको म्हटलं नाही. समोरचा अनोळखी असेल, उत्तर देत नसेल, तर तक्रार हाच रस्ता. पण त्याने काय होईल ते माहीत असावं. सर्वेशचा खेळ स्टीमच्या नेक्स्ट फेस्टमध्ये जाणार होता. येऊ घातलेल्या खेळांचे नमुने दाखवणारा, वर्षातून तीनदा भरणारा हा उत्सव जेमतेम आठवड्याचा, आणि एका खेळाला त्यात एकदाच भाग घेता येतो. तक्रारीवरून खेळ उतरवला गेला तर प्रतिदावा करूनही तो परत यायला अमेरिकी कायद्याने १० ते १४ कामकाजाचे दिवस जातात. म्हणजे सर्वेशची ती एकुलती संधी गेली असती. मी गौरीशला एवढंच विचारलं, ही संधी जावी असं तुझ्या कागदावर आहे का? नव्हतं. मग आधी सर्वेशला सरळ लिही, म्हटलं, त्यात तारीख घाल, आणि त्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर फॉर्म भर.

संदेश आम्ही मिळून लिहिला. पहिला खर्डा दीड पानांचा होता, त्यात कॉलेजातल्या कँटीनचं बिलसुद्धा आलं होतं. शेवटी उरलं ते असं: “तुझ्या खेळात माझी चित्रं आणि मामाचं वादन आहे. मी हो म्हणालो होतो ते करून बघायला, विकायला नाही. मामाचं आणि पथकाचं नाव पानावर आणि क्रेडिट्समध्ये हवं, माझंही. पैशांचं बसून ठरवू. रविवारपर्यंत कळव.”

सर्वेशने त्याच रात्री फोन केला. पुढच्या आठवड्यात दोघे माझ्याकडे आले.

त्याची बाजू ऐकली तेव्हा त्यात लबाडी मला दिसली नाही. “पुढे करून बघू” म्हणजे विकूनही बघू, असंच त्याच्या डोक्यात होतं. क्रेडिट्स शेवटी करायच्या म्हणून राहिल्या होत्या. छोट्या खेळात त्या नेहमीच शेवटी राहतात. स्टीमवर खेळ टाकायचे शंभर डॉलर भरताना, नवा लॅपटॉप घेताना हात आखडलेला होता. आणि त्याचीही एक तक्रार निघालीच: रात्र जसजशी सरते तसतशा सावल्या लांबून लपायला जागा होते, ही मूळ कल्पना त्याची, आणि गौरीशच्या नव्या खेळात तशीच युक्ती आहे. “मग ती उसनी नाही का?”

हा प्रश्न दोघांनाही मोकळा करणारा ठरला. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या प्रत्यक्ष मांडणीवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७८मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगून ठेवलं आहे. २०१४मध्ये ‘थ्रीज’ हा आकड्यांचा खेळ आला आणि काही आठवड्यांतच त्याच कल्पनेवरचा दुसऱ्याचा ‘२०४८’ त्याच्यापेक्षा जास्त गाजला. ‘थ्रीज’वाल्यांनी त्या साध्या दिसणाऱ्या खेळामागची १४ महिन्यांची मेहनत जाहीरपणे मांडली, मन मोकळं केलं, पण कल्पना परत मागता आली नाही. सर्वेशची सावल्यांची कल्पना तशीच. तिच्यावर हक्क सांगता येणार नाही, पण “ही सर्वेशकडून सुचली” असं म्हणायला गौरीशला काही पडलं नाही. तो ते म्हणाला. खोलीतली हवा तिथे बदलली.

बाकीचं हिशेबाचं काम. चित्रं फक्त या एका खेळापुरती, गौरीशला ती दुसरीकडे वापरायची मोकळीक. आधी ठरावीक रक्कम, आणि स्टीमचे तीस टक्के वजा जाता हातात येईल त्यातून छोटा वाटा. वकीलबाईंनी दोन गोष्टी आवर्जून लिहून घेतल्या, ज्या आमच्यापैकी कुणालाच सुचल्या नसत्या. करारात मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. जगभर विकल्या जाणाऱ्या खेळाला ते चाललं नसतं, म्हणून ‘सर्व देश, खेळ विक्रीला असेपर्यंत’ असं स्पष्ट घातलं. मामांसाठी वेगळा कागद केला. सर्वेश तो घेऊन स्वतः त्यांच्या घरी गेला. मामांनी पैसे थोडे वाढवून घेतले आणि पथकाचं नाव आपल्या नावाच्या वर घालायला लावलं. पहिल्या आवृत्तीत त्या नावात ऱ्हस्वदीर्घाची चूक निघाली, ती पुढच्या पॅचमध्ये सुधारली.

दोस्ती पूर्वीसारखी झाली का, असं मला विचारतात. नाही. दोघे आता एकत्र खेळ बनवत नाहीत. मध्यंतरी सर्वेशने नव्या कामासाठी गौरीशने हाताने बनवलेला देवनागरी फाँट मागितला. गौरीशने कळवलं, “हा देणार नाही, माझ्या खेळात वापरतोय.” सर्वेशने अंगठा पाठवला आणि दुसरा फाँट शोधला.