ऑक्टोपस गोगलगायीच्या गटात कसा काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या दहावीच्या वहीत ऑक्टोपसला गोगलगाय आणि कालवाच्या पंक्तीला बसवलंय. इतका हुशार, बिनशंखाचा प्राणी तिथे कसा, वहीत चूक तर नाही ना? आणि तो परग्रहावरून आल्याचा मेसेज फिरतोय, त्यात तथ्य किती?

वही बरोबर आहे. मेसेजकडे नंतर येते.

मलाही हे पुस्तकातून कधी नीट पटलं नव्हतं. बीएस्सीला प्राणिशास्त्र होतं, तेव्हा घोकून लिहिलं आणि मार्क घेतले. पटलं ते लग्नानंतर रत्नागिरीत आले तेव्हा. सासूबाईंनी किलोभर नळ पुढ्यात ठेवले आणि म्हणाल्या, कर साफ. (बाजारात सगळ्यालाच म्हाकूळ म्हणतात, पण लांबट, नळीसारखे ते नळ आणि रुंद, जाडसर ते म्हाकूळ. गोव्यात माणक्यो.) डोकं धरून ओढलं की आतडी, शाईची पिशवी सगळं एका झटक्यात बाहेर येतं. मग नळीत बोट घालून एक पट्टी ओढून काढायची असते. पारदर्शक, लवचिक, पिसाच्या आकाराची. मला वाटलं, बिचाऱ्याने समुद्रातलं प्लास्टिक गिळलंय.

ती पट्टी म्हणजे त्याचा शंख. पूर्वजांच्या अंगावर बाहेरून असलेलं कवच पिढ्यानपिढ्या आत गेलं, पातळ झालं आणि शेवटी एवढंच उरलं. म्हाकुळाच्या पाठीत तेच कवच पांढरं, खडूसारखं, होडीच्या आकाराचं असतं. किनाऱ्यावर लोक ते समुद्रफेस म्हणून वेचतात, पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवलेलंही तुम्ही पाहिलं असेल. ऑक्टोपसाच्या घराण्यात हीच गोष्ट आणखी पुढे गेली. बऱ्याच जातींत आत दोन बारीक काड्या तेवढ्या शिल्लक आहेत, काहींत त्याही नाहीत. म्हणजे तो बिनशंखाचा जन्मला असं नाही, त्याच्या वाडवडिलांनी शंख सोडला. शेवाळी दगडांवर फिरणाऱ्या बिनशंखाच्या गोगलगायींनीही वेगळ्या वाटेने तेच केलंय, त्यांना कोणी मृदुकायांतून (गोगलगाय, कालव यांचा हा मऊ अंगाच्या प्राण्यांचा गट) बाहेर काढत नाही.

शंख हा एकच पुरावा असता तर मीही शंका घेतली असती. पण तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) आणल्यावर पाण्यात ठेवून बघा. थोड्या वेळाने शिंपल्यातून पांढरी जीभ बाहेर येते. ती जीभ नसून पाय असतो, त्याने ती वाळूत रुतते. गोगलगाय ज्या सपाट तळव्यावर सरकते तोही पायच. ऑक्टोपसात भ्रूणावस्थेत याच पायाच्या भागातून आठ हात आणि पाणी फेकायची नळी तयार होते, आणि हे सगळं डोक्याला चिकटलेलं असतं. म्हणून वर्गाचं नाव शीर्षपाद. शिवाय त्याच्या तोंडात पोपटासारखी चोच असते आणि तिच्या आत किसणीसारखी दातेरी पट्टी, रॅड्युला. गोगलगायीने पान खरवडलेलं पाहिलंत ना, ती ह्याच पट्टीने खरवडते. दोघांनाही आतले अवयव झाकणारी मऊ घडी असते, तिला प्रावार म्हणतात. ऑक्टोपसाचं जे 'डोकं' म्हणून आपण चित्रात गोल काढतो ते खरं तर हा प्रावार. डोकं त्याच्या खाली, डोळ्यांपाशी असतं. मुलीला हे सांगा, चित्राला नावं देताना हमखास चुकतं.

आणि माझा सगळ्यात आवडता पुरावा. ऑक्टोपसाची अन्ननलिका त्याच्या मेंदूच्या मधोमध जाते. घास मोठा झाला तर मेंदूवरच ताण यायचा! कोणी नव्याने मेंदू बांधायला घेतला असता तर असली रचना केली नसती. पण गोगलगायीत घशाभोवती चेतापेशींचं कडं असतं, आणि ऑक्टोपसाने तेच वडिलोपार्जित कडं वाढवत वाढवत मेंदू केला. सुमारे 50 कोटी चेतापेशी, त्यातल्या निम्म्याहून जास्त हातांत. घर वाढलं, जोतं तेच राहिलं.

हुशारीचं म्हणाल तर वर्गीकरणात तिला मत नाही. सातबाऱ्यावर नाव वारसाने लागतं, हुशारीने नाही. डोळ्यांचंही तसंच. त्याचा डोळा आपल्यासारखा दिसतो, भिंग आहे, पडदा आहे. पण आपल्या पडद्यावर चेतातंतू पुढून पसरतात आणि जिथून डोळ्याबाहेर जातात तिथे अंधबिंदू पडतो. ऑक्टोपसात तंतू मागूनच निघतात, त्यामुळे अंधबिंदूच नाही. दोन घराण्यांनी आपापला डोळा स्वतंत्रपणे घडवला.

आता परग्रह. 2018 मध्ये 33 लेखकांनी मिळून एक निबंध छापला, त्यात ऑक्टोपसाची गोठलेली अंडी धूमकेतूंबरोबर आली असावीत अशी कल्पना मांडली होती. मेसेज तिथून निघाला. पण त्याआधीच, 2015 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या दोन ठिपक्यांच्या ऑक्टोपसाचा जनुकसंच वाचून झाला होता. त्यात काही जनुककुटुंबं अफाट वाढलेली सापडली हे खरं, पण ती कुटुंबं इतर प्राण्यांतही आहेत, आणि एकूण संच कालवासारख्या मृदुकायांशी जुळतो. परग्रहावरून येताना कोणी कालवाशी नातं जोडून येत नाही.

शीर्षपादांच्या आत पुढे दोन फांद्या. एकीत नॉटिलस, ज्याचा शंख अजून बाहेर आहे. दुसरीत शंख आत घेतलेले किंवा सोडलेले बाकी सगळे: नळ आणि म्हाकूळ (आठ हात अधिक दोन लांब झेलते हात) आणि ऑक्टोपस (फक्त आठ).

यात एक खोडसाळ पाहुणा आहे. कार्ल कून या जर्मन शास्त्रज्ञाने 1903 मध्ये खोल समुद्रातल्या एका काळपट प्राण्याला नाव दिलं व्हॅम्पायरोट्युथिस इन्फर्नॅलिस, म्हणजे नरकातला रक्तपिपासू नळ. नाव नळाचं दिलं, आणि बसवलं मात्र ऑक्टोपसांत. पुढे वेगवेगळ्या नमुन्यांना वेगवेगळी नावं मिळत गेली. शेवटी प्राणिशास्त्रज्ञ ग्रेस पिकफर्ड यांनी ते सगळे नमुने तपासून तो एकच प्राणी असल्याचं दाखवलं आणि 1939 मध्ये त्याला स्वतंत्र गण दिला. आठ हातांखेरीज त्याला दोन आत ओढता येणारे धागे असतात. तो ना नळ ना ऑक्टोपस, ऑक्टोपसांचा जवळचा चुलत. रक्तही पीत नाही. वरून झिरपणारा कचरा खातो.

चुका मोठ्यांनीही केल्यात. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने 1758 मध्ये ऑक्टोपसाला म्हाकुळाच्या नावाखाली, सेपिया ऑक्टोपोडिया म्हणून, कृमींच्या भल्यामोठ्या वर्गात टाकलं होतं. 1797 मध्ये ऑक्टोपस व्हल्गॅरिस हे नाव क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने दिलं. याच क्युव्हिएला 1829 मध्ये मादी ऑक्टोपसाच्या प्रावारात वळवळणारा एक 'कृमी' मिळाला, शंभरेक चूषकं (चिकटून धरणाऱ्या वाट्या) असलेला. त्याने त्याला परजीवी ठरवून हेक्टोकोटायलस असं नाव दिलं. तो निघाला नर ऑक्टोपसाचा, मादीला शुक्राणू देताना सुटून राहिलेला हात! नावाचं काय करायचं? ठेवलं. आजही नर ऑक्टोपसाच्या त्या हाताला हेक्टोकोटायलसच म्हणतात.

ऑक्टोपोडा या गणात सुमारे 300 जाती आणि दोन उपगण. एकात खोल पाण्यातले, कानासारखे पर असलेले डंबो ऑक्टोपस. हातांवर बारीक केसांसारखे धागे आणि आत कवचाचा इंग्रजी यू आकाराचा तुकडा. दुसऱ्यात तुम्ही चित्रांत पाहता ते बाकीचे. आर्गोनॉटही यातच येतो. त्याच्या मादीला सुंदर कागदी शिंपला असतो, पण तो खरा शंख नाही, अंड्यांसाठी दोन हातांतून स्रवून केलेली पाळण्यासारखी पेटी आहे. हा शिंपला ती दुसऱ्याचा चोरते असं लोक म्हणत. झान विल्प्रू-पॉवर या बाईंनी इटलीजवळच्या सिसिली बेटावर 1830 च्या दशकात काचेच्या टाक्या करवून, त्यांत आर्गोनॉट पाळून, ती स्वतःच बनवते हे दाखवून दिलं.

एक सूचना. वर्तमानपत्रात 'प्रजाती' हा शब्द स्पीशीजसाठी सर्रास छापतात, शाळेत मात्र जीनस म्हणजे प्रजाती आणि स्पीशीज म्हणजे जाती. तेव्हा वहीत हे लिहा: सृष्टी प्राणी, संघ मृदुकाय, वर्ग शीर्षपाद, गण ऑक्टोपोडा, कुल ऑक्टोपोडिडी, प्रजाती ऑक्टोपस, जाती व्हल्गॅरिस.

शेवटच्या दोन पायऱ्या युरोपातल्या ऑक्टोपसाच्या आहेत. पूर्वी जगभरच्या कितीतरी ऑक्टोपसांना व्हल्गॅरिस हेच लेबल लागायचं. आता चीन-जपानकडचा सायनेन्सिस, ब्राझीलकडचा इन्सुलारिस असे वेगळे काढले आहेत. आपल्या बंदरावर कोळंबीच्या जाळ्यात येणारे बहुतेक अँफिऑक्टोपस किंवा सिस्टोपस प्रजातीचे असतात. नारळाच्या करवंट्या उचलून नेणारा म्हणून 2009 मध्ये गाजलेला मार्जिनॅटस हा अँफिऑक्टोपसच, तो आपल्याकडेही मिळतो. मुलीच्या बाईंना 'आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण' हवं असेल तर अँफिऑक्टोपस निग्लेक्टस लिहायला सांगा. निग्लेक्टस म्हणजे दुर्लक्षित. वर्षानुवर्षं तो दुसऱ्यांच्या नावावर खपत होता, स्वतःचं नाव मिळालं 1999 मध्ये.