वाचकांचे प्रश्न : कीबोर्डात स्वतःचा ठेका भरताना

प्रश्न : आमचं भजनी मंडळ पंचवटीत आहे. पौषात त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी यामाहाच्या पीएसआर-एस मालिकेतल्या कीबोर्डात स्टाईल क्रिएटर (स्वतःची साथ भरायची सोय) वापरून केरवा (8 मात्रांचा ठेका) भरला. ढोलकी छान वाजते, पण सी मायनर दाबलं की बेस आणि स्ट्रिंग्ज बेसूर होतात. भजन मायनरमधलं म्हणून भरतानाच कोमल गंधार घेतला होता. तानपुऱ्याचा सा-पसुद्धा कॉर्डबरोबर सरकतो. – पंचवटी, नाशिक

उत्तर : चूक कोमल गंधारातच आहे. तुम्ही जे भरता ते सी मेजर सेव्हन या कॉर्डसाठी आहे, असं कीबोर्ड मुळात धरून चालतो. मायनर दाबल्यावर गंधार कोमल करायचं काम त्याचं. तुम्ही आधीच केल्यामुळे हिशेब फसतो. बेस आणि स्ट्रिंग्जचे चॅनल पुसून पुन्हा भरा. पांढरी 1 (सी) हा सा धरून सा, ग, प, नी (सगळे शुद्ध) यांवर भर ठेवा, जाता-येता रे आणि ध चालतील. मध्यम टाळा, तो बऱ्याच कॉर्डना टोचतो. हे बंधन मेन (मुख्य ठेका) आणि फिल-इन (मधली छोटी भर) यांपुरतं. इंट्रो-एंडिंगला मोकळीक आहे.

भरताना ट्रान्स्पोज (पट्टी सरकवायची सोय) शून्यावरच हवा. गाताना काळी 1 साठी +1, पांढरी 4 साठी +5, काळी 5 साठी −2 करा.

तानपुऱ्यासाठी पॅरामीटरच्या पानावर त्या चॅनलचा एनटीआर (कॉर्डबरोबर सूर सरकवायचा नियम) ‘रूट फिक्स्ड’ आणि एनटीटी (कॉर्डप्रमाणे सूर बदलायचा तक्ता) ‘बायपास’ करा. मग कॉर्ड कुठलाही दाबा, सा-प जागचा हलणार नाही, ट्रान्स्पोजबरोबर मात्र नीट सरकेल.

ढोलकी चांगली वाजतेय तर तिला क्वांटाइज (ठोके आपोआप काटेकोर जागी ओढणं) लावू नका. धा गे ना ती न क धिं ना यातला डग्गा किंचित मागे रेलतो, त्यातच केरव्याची खरी गंमत आहे. क्वांटाइजने ती सपाट होते. ढोलकी रिदम 1 वर आणि टाळ रिदम 2 वर असा वेगळा भरा, क्वांटाइज फक्त टाळाला. 4/4 च्या एका बारमध्ये केरव्याच्या 8 मात्रा बसतात, दर ठोक्याला 2. भरताना टेम्पो 60 ठेवला तर एका आवर्तनाला 4 सेकंद मिळतात, हात घाईत येत नाही, नंतर वाढवा. 1 ऐवजी 4 बार भरून शेवटच्यात छोटी तिहाई (एकच तुकडा तीनदा) घेतली तर ठेका कंटाळवाणा होत नाही.

आणि सेव्ह केल्याशिवाय दुसरी स्टाईल निवडू नका, वीजही बंद करू नका. भरलेलं सगळं जातं.

प्रश्न : माझ्या कीबोर्डात 7 मात्रांचं माप नाही. रूपक कसा भरू? – नाशिकरोड

उत्तर : इथे ठोक्याला 1 मात्रा धरा, म्हणजे बारला 4. 4/4 ठेवून 7 बारचा पॅटर्न घ्या. 28 मात्रांत रूपकाची 4 आवर्तनं पुरी बसतात. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) पहिल्या बारच्या 1 ल्या, दुसऱ्याच्या 4 थ्या, चौथ्याच्या 3 ऱ्या आणि सहाव्याच्या 2 ऱ्या मात्रेवर येईल, हे कागदावर लिहून समोर ठेवा. मेट्रोनोमची घंटी बंद करा, ती दर चौथ्या मात्रेनंतर वाजून हात चुकवते. वाजवताना ऑटो फिलही (मेन बदलताना आपोआप फिल-इन घालणं) बंद हवा : फिल-इन एका बारचं, म्हणजे 4 मात्रांचं असतं, एकदा घुसलं की सम हरवते. मेन ए वरून बी वर जायचं असेल तर पॅटर्नचा सातवा बार चालू असतानाच बटण दाबा.