रेस सायलेन्सर लावल्यानं क्लासिक ३५० ची ताकद वाढते का?

तू विचारलंयस, २०२२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आहे, रेसचा मोकळा सायलेन्सर लावला तर ताकद किती वाढेल आणि ईसीयू (किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा गाडीतला कॉम्प्युटर) रिमॅप, म्हणजे त्यातले पेट्रोलचे आकडे बदलून, करावंच लागेल का. लातूरचाच आहेस म्हणून सविस्तर लिहितो. चौदा वर्षं गॅरेज चालवतोय आणि याच एका विषयावरून माझा मामेभाऊ आजही लग्नाकार्यात मला चारचौघांत ऐकवतो.

त्याची जुनी कार्ब्युरेटरवाली क्लासिक होती, म्हणजे पेट्रोल ईसीयू नाही, कार्ब्युरेटरच सोडतो. कंपनीचा सायलेन्सर काढून इंदोरी (बुलेटला लावतात तो मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) लावला, आत जाळी नाही की काही नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजला आला, "दादा, गाडी वाघावानी पळूलालीय." मी म्हटलं, मोजू. औसा रोडला पहाटे साडेपाचला गेलो. चालवायला तोच, मागं मी मोबाइलचं स्टॉपवॉच धरून, त्याच्या खांद्यावरून काट्याकडं बघत. चौथा गिअर, ४० ते ८०, तीनदा. नंतर रस्त्याच्या कडेलाच मूळ सायलेन्सर चढवला आणि पुन्हा तीनदा. मोकळ्या पायपाला सरासरी साडेचौदा सेकंद, कंपनीच्या सायलेन्सरला तेरा. स्पार्क प्लग काढून दाखवला, चुन्यासारखा पांढरा. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. त्याचं एकच, "तुझं घड्याळ बरोबर नाही."

एक्झॉस्ट वाल्व उघडला की पायपातून दाबाची लाट जाते आणि टोकाला आपटून उलटी ओढ घेऊन परत येते. ती वाल्व बंद व्हायच्या ऐन वेळेला पोचली, तर जळका गॅस बाहेर खेचते आणि ताजं हवा-पेट्रोल आत घेते. पायपाची लांबी-जाडी ठराविक आरपीएमलाच जुळते. रेसचा पाइप वरच्या आरपीएमसाठी बनवलेला असतो. तुझी गाडी २० बीएचपी देते ६१०० ला, आणि २७ एनएम टॉर्क ४००० ला. गंजगोलाईच्या बाजारात तू २००० ते ३००० मध्येच फिरणार. तिथंच हा पाइप गाडी लंगडी करतो. आवाज वाढला की पळाल्यासारखं वाटतं, एवढंच.

मी त्याला म्हटलं, निदान मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) मोठा टाकून देतो, पेट्रोल वाढेल. नको म्हणाला, ॲव्हरेज पडेल. चार महिन्यांनी गाडी ढकलत आणली, कॉम्प्रेशनच नाही. हेड खोललं तर एक्झॉस्ट वाल्वची कड उंदरानं कुरतडल्यासारखी खाल्लेली. अन् घरी जाऊन सांगितलं काय, तर वाल्व मी चुकीचा बसवला होता! त्या इंजिनाच्या हेडला तोवर मी हातसुद्धा लावला नव्हता. मामी अजून तेच धरून बसल्यात.

तुझ्या गाडीला ऑक्सिजन सेन्सर आहे, तो जळक्या गॅसातला ऑक्सिजन मोजून ईसीयूला सांगतो. नुसता मागचा सायलेन्सर बदललास तर एका चालीत चालवताना ईसीयू बरंचसं सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला सेन्सरचं ऐकलं जात नाही, मॅपमधल्या आकड्यावर चालतं. बेंड पाइपासकट (इंजिनातून निघणारा वाकडा पाइप) सगळं बदललंस, किंवा कॅट-कॉन (धूर स्वच्छ करणारा भाग) काढलास, तर रिमॅप लागणारच. रिमॅप डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, गाडी बसवूनच करून घे. लॅपटॉप जोडून पाच मिनिटांत "मॅप टाकला" म्हणणाऱ्याकडं जाऊ नकोस.

पोलिसांचं तुला माहीतच असेल. १७५ सीसीच्या वरच्या गाडीला कंपनीतून निघताना ८० डेसिबलची मर्यादा असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, वर तीन महिने लायसन्स बाद. आमच्या गल्लीत दवाखाना आहे. रात्री अकराला फटाके फोडत जाणारा पोरगा मला आवडत नाही, स्पष्ट सांगतो.

माझी मोजणी एकाच गाडीची आहे, तीही कार्ब्युरेटरवाली, हे धरून चाल. चेन्नई किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर चालवणार असशील तर रेस पाइपाला अर्थ आहे, तिथं आरपीएम वरच राहतो. रस्त्यावर आवाजच थोडा जड हवा असेल तर डीबी किलरवाला (आवाज दाबणारा आतला तुकडा असलेला) स्लिप-ऑन, म्हणजे नुसता मागचा सायलेन्सर, घे, किलर काढू नकोस, आणि मूळ सायलेन्सर विकू नकोस.

बिल भरायच्या आधी एकदा औसा रोडला ४० ते ८० मोजून बघ. मागं बसायला मी येतो. मामेभावालाही बोलावतो, घड्याळ त्याचंच घेऊ.