माशांना कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल, हे आधी तपासता येतं का?

हो, येतं. खाद्यातून दोन अँटिबायोटिकं देऊनही माशांच्या अंगावरचे लाल व्रण भरत नाहीत, मर थांबत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिसरं औषध आणण्याआधी तपासणीच करा. मी माशांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत काम करते आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोळ नमुन्यातच होतो.

मेलेला, पोट फुगलेला मासा आणू नका. मासा मेला की आतड्यातले जिवाणू काही तासांत अंगभर पसरतात. मग प्लेटवर, म्हणजे जंतू वाढवायच्या ताटलीत, उगवलंय ते रोगाचं की सडण्याचं, हे कसं ओळखणार? जिवंत पण मरगळलेले चार-पाच मासे आणा, आणि कोणतं औषध किती दिवस दिलं तेही सांगा. व्रणावरच्या नमुन्यात पाण्यातले जंतू मिसळलेले असतात, म्हणून मी मासा उघडते. पाठीच्या कण्याला चिकटून गर्द लाल मूत्रपिंड दिसतं. त्यात निर्जंतुक लूप (टोकाला कडी असलेली बारीक तार) टोचून तीच प्लेटवर ओढते.

त्यातून एकाच जंतूची शुद्ध वाढ मिळाली की ती म्युलर-हिंटन अगर या जेलीसारख्या माध्यमावर पसरून औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. चकतीभोवती जिथे जंतू वाढले नाहीत, ते स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं. माणसांच्या नमुन्यांसारखी ही प्लेट 35 अंशांवर ठेवून चालत नाही. माशांचे बरेचसे जंतू 22 किंवा 28 अंशांवर तपासतात आणि 22 अंशांना निकालासाठी जवळपास दोन दिवस थांबावं लागतं. फ्लेवोबॅक्टेरियम या जंतूला तर माध्यमही पातळ करून लागतं. प्रयोगशाळेला हे जरूर विचारा.

सर्वांत मोठं वर्तुळ म्हणजे सर्वांत चांगलं औषध, असं मात्र नाही. प्रत्येक औषध अगरमध्ये वेगळं पसरतं, त्यामुळे माप त्या-त्या औषधासाठी ठरवून दिलेल्या मर्यादेशीच ताडायचं.

शिवाय प्लेटवर लागू पडलेलं औषध तळ्यात फसू शकतं. आजारी मासा खाणं सोडतो, मग खाद्यातलं औषध त्याच्या पोटात जाणार कसं? तुमच्याकडेही हेच झालं असू शकतं. ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक थेट पाण्यात टाकलं, तर जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते बांधून ठेवतं.

आणि एरोमोनास हायड्रोफिला निघाला, तर मी आधी पाण्याची चौकशी करते. हा जंतू गोड्या पाण्यात एरवीही असतो. मासा अशक्त झाला की उचल खातो. म्हणून पहाटेचा विरघळलेला ऑक्सिजन आणि अमोनिया मोजून ते आकडे माशांसोबतच घेऊन या.