वेबसाइटचं डिझाइन बाहेरून करून घेतलं, तर मालकी कोणाची?

पैसे दिले म्हणजे डिझाइन आपलं झालं, असं भारतात होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. फ्रीलान्सर किंवा एजन्सीने केलेलं मात्र, वेगळा करार नसेल तर, सहसा त्यांचंच राहतं. त्यामुळे काम सुरू होण्याआधीच हक्क हस्तांतराचा लेखी करार करून त्यांची सही घ्या. त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा, नाहीतर कलम १९ प्रमाणे मुदत पाचच वर्षं आणि प्रदेश फक्त भारत धरला जातो. खरी मेख इथेच आहे. शेवटचा हप्ता फिग्मा फाइल (फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली मूळ फाइल) आणि सोर्स कोड (वेबसाइटचा मूळ प्रोग्रॅम) हातात आल्यावरच द्या. आणि डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, पहिल्या दिवसापासून स्वतःच्या नावावर ठेवा, एजन्सीच्या ‘सोयीसाठी’ त्यांच्या नावावर नको.