सरकारी मदतीला विरोध करणाऱ्या पक्षानेच २००८ साली बँकांसाठी ७०० अब्ज डॉलर कसे मंजूर केले?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. अमेरिकेतला रिपब्लिकन पक्ष मुक्त बाजाराचा कैवारी असूनही बुश सरकारने बँका वाचवल्या, तर पक्षाच्या तत्त्वांना काय किंमत उरते? आणि डेमोक्रॅटिक पक्ष याहून वेगळा वागला का? त्या वर्षांत मी न्यू जर्सीत एका बँकेच्या जोखीम विभागात नोकरीला होतो, त्यामुळे या विषयावर मला बरंच काही वाटतं. माझं मत आधीच सांगतो. संकटाच्या आठवड्यात सत्तेवर कोणीही असो, सरकार पैसे देतंच. त्यावरून पक्षाची पारख होत नाही. पारख करायची ती पैसे देताना कोणाला काय अटी घातल्या यावरून, आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना कायदे कसे केले यावरून.

रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन १ सप्टेंबर २००८ रोजी मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात सुरू झालं. तिथे मंजूर झालेल्या जाहीरनाम्यात स्पष्ट लिहिलं होतं की, खासगी संस्थांना सरकारने वाचवण्याला आमचा पाठिंबा नाही, आणि सरकारी हस्तक्षेपामुळे बाजार सावरायला उलट जास्त वेळ लागतो. त्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तोच ७ सप्टेंबरला त्याच पक्षाच्या सरकारने फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जाच्या दोन महाकाय कंपन्या ताब्यात घेतल्या. १५ तारखेला बुडीत गृहकर्जांमुळे अडचणीत आलेली लेहमन ब्रदर्स ही गुंतवणूक बँक बुडू दिली. १६ तारखेला मध्यवर्ती बँकेने, म्हणजे फेडरल रिझर्व्हने, एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज देऊन बदल्यात ७९.९ टक्के मालकी सरकारकडे घेतली. मग अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, अवघ्या तीन पानांचा मसुदा पाठवून ७०० अब्ज डॉलर मागितले. आपल्या निर्णयांचा फेरविचार न्यायालयालाही करता येणार नाही, असं कलम त्यात होतं. डिसेंबरमध्ये बुश यांनी एका मुलाखतीत सरळच सांगितलं की, मुक्त बाजाराची व्यवस्था वाचवण्यासाठी मी मुक्त बाजाराची तत्त्वं सोडली.

त्या आठवड्यात काय घडत होतं हे समजल्याशिवाय या माणसांना दोष देणं सोपं जातं. लेहमन बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी रिझर्व्ह प्रायमरी फंड नावाच्या एका मनी मार्केट फंडाच्या युनिटची किंमत, जी कायम एक डॉलरच राहील असं सगळे धरून चालत, एक डॉलरच्या खाली गेली, कारण त्यात लेहमनचे ७८ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे होते. अशा फंडांत लोक बँकेतल्या ठेवीसारखे पैसे ठेवत. सगळेच पैसे काढायला धावले. हे फंड ज्या कंपन्यांचे अल्पमुदतीचे रोखे विकत घ्यायचे, त्यांना रोकड मिळेना. कित्येक चांगल्या चालणाऱ्या कंपन्या पगार आणि कच्च्या मालाची बिलं याच पैशातून भागवत होत्या. म्हणजे ज्यांनी एकही बुडीत गृहकर्ज दिलं नव्हतं, त्यांचेही पगार थांबायची वेळ आली होती. अशा वेळी हातावर हात ठेवून बसणं मला तरी तत्त्वनिष्ठा वाटत नाही. सरकारने हस्तक्षेप केला हे योग्यच झालं.

तरीही तत्त्वाला धरून राहिलेली माणसं होती. २९ सप्टेंबरला प्रतिनिधिगृहात हे ७०० अब्जांचं विधेयक २०५ विरुद्ध २२८ मतांनी पडलं. रिपब्लिकन पक्षाच्या १३३ जणांनी स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिलं, बाजूने फक्त ६५. डेमोक्रॅटांपैकी १४० बाजूने, ९५ विरोधात. केंटकीचे सिनेटर जिम बनिंग यांनी तर या योजनेला आर्थिक समाजवाद म्हटलं होतं, आणि दुसऱ्या टोकाचे, डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्सही विरोधातच होते. २९ तारखेला शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला. ३ ऑक्टोबरला तेच विधेयक काही बदल आणि बरीच जोड घालून २६३ विरुद्ध १७१ असं मंजूर झालं, आणि तेव्हाही रिपब्लिकन सदस्यांतले बहुसंख्य विरोधातच राहिले. म्हणून 'पक्षाने तत्त्व सोडलं' हे विधान पूर्ण खरं नाही. सरकार चालवणाऱ्यांनी सोडलं, आणि ज्यांच्यावर निर्णयाची जबाबदारी नव्हती त्यांना ते धरून ठेवणं परवडलं. निवडणूक पाच आठवड्यांवर होती हेही विसरू नका.

आता अटींकडे येतो, कारण माझा खरा राग तिथे आहे.

१३ ऑक्टोबरला पॉल्सन यांनी नऊ मोठ्या बँकांच्या प्रमुखांना वॉशिंग्टनमध्ये एका टेबलाभोवती बसवलं आणि मिळून १२५ अब्ज डॉलरचं भांडवल घ्यायला लावलं. त्या टेबलावर सिटीग्रुपचे प्रमुख म्हणून आपले नागपूरचे विक्रम पंडित होते. त्यांच्या बँकेच्या वाट्याला २५ अब्ज आले, आणि नोव्हेंबरमध्ये आणखी २० अब्ज. सरकारने बदल्यात प्राधान्य समभाग घेतले, ज्यांवर पहिली पाच वर्षं फक्त ५ टक्के लाभांश होता. तीनच आठवडे आधी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी गोल्डमन सॅक्समध्ये ५ अब्ज डॉलर घातले होते, तेव्हा त्यांनी १० टक्के वसूल केले होते. ब्रिटनमध्ये गॉर्डन ब्राऊन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने त्याच सुमारास रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडला पैसे देताना १२ टक्के लावले आणि बँकेच्या प्रमुखाला घरी पाठवलं. वॉशिंग्टनमधल्या त्या नऊ जणांपैकी कोणाकडेही पैसे देताना राजीनामा मागितला गेला नाही. पुढे एलिझाबेथ वॉरन यांच्या अध्यक्षतेखालच्या देखरेख समितीने हिशेब मांडला, तेव्हा अर्थखात्याने २५४ अब्ज देऊन जे घेतलं त्याची बाजारातली किंमत सुमारे १७६ अब्जच भरत होती.

बाजारावर श्रद्धा असलेल्या सरकारने किमान बाजारभाव तरी लावायला हवा होता. बँका वाचवूनही ते तत्त्व पाळता आलं असतं. स्वीडनमध्ये १९९२ साली कार्ल बिल्ट यांचं सरकार उजव्या बाजूचंच होतं. त्यांनी विरोधी पक्षाला सोबत घेऊन ठेवीदारांना आणि बँकांना पैसे उसने देणाऱ्या इतरांना हमी दिली, पण गोटा बँक ताब्यात घेताना तिच्या भागधारकांना काही दिलं नाही. बुडीत कर्जं वेगळ्या कंपन्यांकडे सोपवून सावकाश वसूल केली. धोका पत्करून नफा घेणाऱ्याने तोटाही सोसावा, हे तत्त्व तिथे टिकलं.

लोक म्हणतात की, अमेरिकन सरकारला बँकांकडून पैसे नफ्यासकट परत मिळाले. ते खरं आहे. बँकांना सुमारे २४५ अब्ज दिले होते, त्याहून जास्त परत आले. पण संकटाच्या ऐन मध्यावर दुसरं कोणीही दिलं नसतं इतकं स्वस्त भांडवल मिळणं, हाच केवढा मोठा फायदा होता.

डेमोक्रॅटिक पक्षाची परीक्षा २००९ च्या वसंतात झाली. तिचा निकाल माझ्या मनाला पॉल्सन यांच्या अटींपेक्षाही जास्त लागला. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात एक विचित्र गोष्ट आहे. एखाद्याचं सुट्टीत राहायचं दुसरं घर असेल किंवा भाड्याने दिलेलं घर असेल, तर न्यायाधीश त्यावरच्या कर्जाची मुद्दल घराच्या सध्याच्या किमतीइतकी खाली आणू शकतात. माणूस ज्या घरात राहतो, त्या घराच्या कर्जाला मात्र ही सवलत नाही. लाखो घरांची किंमत कर्जापेक्षा कमी झालेली होती. कायद्यातली ही एक ओळ बदलली असती, तर सरकारी तिजोरीतून फारसं काही न देता बँकांना तडजोडीला बसावं लागलं असतं. प्रतिनिधिगृहाने मार्चमध्ये तसं विधेयक मंजूर केलं. ३० एप्रिलला सिनेटमध्ये इलिनॉयचे डिक डर्बिन यांचा प्रस्ताव ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडला. तेव्हा सिनेटमध्ये भक्कम बहुमत डेमोक्रॅटांचं होतं, आणि त्यांच्यापैकी बाराजणांनी विरोधात मत दिलं. मतदानाच्या काही दिवस आधी डर्बिन यांनीच एका रेडिओ मुलाखतीत म्हटलं होतं की, खरं सांगायचं तर ही जागा बँकांच्याच मालकीची आहे. 'ही जागा' म्हणजे अमेरिकेची संसद.

त्याऐवजी घरमालकांसाठी जी योजना आली, तिचं उद्दिष्ट तीस ते चाळीस लाख कुटुंबांचं होतं. प्रत्यक्षात तितक्या लोकांची कर्जं कधीच बदलून मिळाली नाहीत. योजना राबवायची होती त्याच कर्जवसुली कंपन्यांनी, ज्यांना जप्तीतही पैसे मिळत होते. आमच्या शेजारच्या कुटुंबाने पगाराच्या पावत्या, कराचे कागद, बँकेचे उतारे पुन्हा पुन्हा पाठवले. दर वेळी कळायचं की अर्ज अपुरा आहे. शेवटी घर गेलं. बँकेला भांडवल एका बैठकीत मिळालं आणि त्या घरच्या बाईंना फॅक्स पोहोचल्याची पोच मिळत नव्हती. कष्टकऱ्यांचा पक्ष म्हणवणाऱ्यांची सत्ता असताना हे झालं, आणि त्याबद्दल मी त्यांना सहज माफ करू शकत नाही.

जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या बाबतीत मात्र ओबामा सरकारने कठोरपणा दाखवला. कंपनीच्या प्रमुखाला जायला सांगितलं, १ जून २००९ ला कंपनी दिवाळखोरीत गेली, जुन्या भागधारकांचे समभाग कवडीमोल झाले, कामगार संघटनेनेही सवलती सोडल्या. अटी घालता येत नव्हत्या असं नाही, हे यावरून कळतं.

जनतेने शिक्षा दिली, पण ती अटींसाठी नव्हे, मदतीसाठी दिली. युटाचे बॉब बेनेट तीनदा निवडून आलेले पक्के रिपब्लिकन सिनेटर. २००८ साली बँकांच्या मदतीच्या बाजूने दिलेल्या त्या एका मतावरून मे २०१० मध्ये त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनात त्यांना उमेदवारी नाकारली गेली. घोषणा त्या मतावरूनच दिल्या जात होत्या.

दुसरी परीक्षा शांत काळाची, आणि ती कोणी पाहत नाही. दुसऱ्याचं कर्ज बुडालं तर भरपाई देण्याच्या ज्या करारांमुळे एआयजी बुडायला आली होती, त्या प्रकारच्या व्यवहारांवर देखरेख नको असं ठरवणारा कायदा २००० सालचा आहे. तो रिपब्लिकन काँग्रेसने केला आणि डेमोक्रॅट क्लिंटन यांनी सही करून मंजूर केला. बुडू दिलं तर देश हादरेल अशी संस्था एकदा उभी राहू दिली, की तिच्यामागे सरकारची हमी आपोआप येते, मग जाहीरनाम्यात काहीही लिहा. सरकारी मदत नको असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने बँकांना जास्त भांडवल राखायला लावणारे कडक नियम मागायला हवेत. प्रत्यक्षात रिपब्लिकन पक्षच ते नियम सैल करण्यात पुढे असतो, आणि दुसऱ्या पक्षातले काहीजण त्याला हात देतात.

२०१८ साली तेच झालं. मोठ्या बँकांसाठीच्या कडक देखरेखीची मर्यादा ५० अब्ज डॉलरच्या मालमत्तेवरून २५० अब्जांवर नेणारा कायदा रिपब्लिकनांनी काही डेमोक्रॅट सिनेटरांच्या मतांसह मंजूर केला. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा तिची मालमत्ता सुमारे २०९ अब्ज डॉलर होती. ठेव विम्याची मर्यादा अडीच लाख डॉलरची, पण दोन दिवसांत बायडेन सरकारने जाहीर केलं की सगळ्या ठेवी पूर्ण मिळतील. २००८ पेक्षा या वेळच्या अटी मला बऱ्या वाटल्या: भागधारकांना वाचवलं नाही, व्यवस्थापनाला काढलं, आणि विमा निधीला आलेली तूट इतर बँकांवर विशेष आकारणी लावून भरून काढायचं ठरलं. २५० अब्जांची मर्यादा मात्र कायद्यात तशीच राहिली.